वजन वाढले की पुढे छापतात, घटले की मागे : हे योग्य आहे का?

मासुंदा

मी ठाण्यात राहते आणि व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने एका खाद्यपदार्थ कंपनीत प्रशिक्षणार्थी होते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मी जे पाहिले ते एकाच कंपनीत घडते असे नाही. सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, फिरायचे, वागळे इस्टेट, किसननगर आणि लोकमान्यनगर भागांतल्या किराणा दुकानांतून ऑर्डर घ्यायची आणि कोणता माल किती उठतो हे वहीत टिपायचे, हे माझे काम होते.

त्या दोन महिन्यांत पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचे वजन साठ ग्रॅमवरून बावन्न ग्रॅमवर आले. किंमत, रंग आणि वेष्टणाची लांबी तीच राहिली. किसननगरच्या एका दुकानात आम्ही उभे असताना कारखान्यातून सुटलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी रोजच्यासारखे चार पुडे मागितले. एक पुडा हातात तोलून त्या म्हणाल्या, "हा हलका लागतोय हो." दुकानदाराने फळीच्या मागच्या रांगेतला जुना पुडा काढला आणि दोन्ही पुडे एकामागून एक काट्यावर ठेवले, तेव्हा आठ ग्रॅमांचा फरक दिसला. बाईंनी आधी दुकानदाराकडे पाहिले आणि मग कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या आमच्याकडे. सेल्समन म्हणाला, "नवीन पॅकिंग आहे, मावशी." मी काहीच बोलले नाही आणि ते अजूनही मला लागून राहिले आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्या पुड्यावर काहीही खोटे नव्हते. मागच्या बाजूला निव्वळ वजन बरोबर छापलेले होते आणि नियमानुसार प्रति ग्रॅम किंमतही होती. जुन्या पुड्यावर ती ०.०८ रुपये होती, नव्यावर ०.१० रुपये. वजन सुमारे तेरा टक्क्यांनी घटले म्हणजे ग्राहकाला तेरा टक्क्यांचाच फटका बसला असे वाटते, पण हिशेब केला तर एका ग्रॅममागची किंमत पंधरा टक्क्यांहून अधिक वाढलेली असते. वर्गात याला "किंमत न वाढवता केलेली दरवाढ" म्हणून शिकवतात, आणि बहुतेक वेळा कौतुकानेच शिकवतात.

त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत हिशेबाने चार रुपये पंचेचाळीस पैशांच्या आसपास यायला हवी होती. एवढे सुटे पैसे कोणाकडेच नसतात, म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत पाच रुपयेच ठेवून वजन वाढवले. तोवर माझे प्रशिक्षण संपले होते, पण त्याच दुकानात सामान घ्यायला गेले तेव्हा वाढलेले वजन पुड्याच्या दर्शनी भागावर ठळक पट्टीत छापलेले मी पाहिले. वाढ पुढे छापता येते, तर घट पुढे का छापता येत नाही? माझा आक्षेप वजन कमी करण्याला नाही. ते कोणाच्या लक्षात येऊ नये अशी आखणी करण्याला आहे. ज्याच्या लक्षात न येण्यावरच यश अवलंबून आहे, तो निर्णय प्रामाणिक म्हणता येईल का?

तुर्भेकर

मी वीस वर्षे तुर्भ्याला खाद्यपदार्थ आणि साबणांची डिस्ट्रिब्युटरशिप चालवतो आहे. आपली तळमळ मला समजते, पण आपण नाण्याची एकच बाजू पाहिली आहे, आणि इथे मी नाणे हा शब्द अगदी शब्दशः वापरतो आहे. पाच रुपयांचे नाणे हीच या धंद्याची चौकट आहे. त्या बाईंच्या हातात वीस रुपये होते आणि त्यांना घरातल्या चार जणांसाठी चार पुडे हवे होते. पुडा सहा रुपयांचा झाला असता तर त्यांना तीनच पुडे मिळाले असते, वर दोन रुपये परत द्यायचे म्हणून दुकानदाराने चॉकलेट हातावर ठेवले असते. म्हणजे आठ ग्रॅम कमी झाले, पण चौथे माणूस उपाशी राहिले नाही.

खर्चाचेही पाहा. बिस्किटात पामतेल जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर गेले आणि मे २०२५ अखेर ते दहा टक्क्यांवर आले. त्या आठ महिन्यांत कारखानदाराने काय करायला हवे होते? मार्जिन तो कमी करतो, आमचेही करतो, आणि त्यानंतरच वजनाला हात लावतो. हे आम्ही पुडे उचलणारी माणसे जवळून पाहतो.

राहिला दर्शनी भागावर छापण्याचा मुद्दा. एकाच कंपनीने "वजन कमी केले आहे" असे समोर छापले आणि शेजारच्या बरणीतल्या पुड्यावर ते नसले, तर ग्राहक शेजारचा पुडा उचलेल, मग त्याचे वजन पन्नासच ग्रॅम का असेना. प्रामाणिक कंपनीलाच शिक्षा होईल. वजन छापलेले आहे, ग्रॅमची किंमत छापलेली आहे. ग्राहकाने वाचायचेच नाही असे ठरवले असेल तर तो दोष कंपनीचा नाही. ग्राहकाचीही काही नीती असते, आणि पैसे देण्यापूर्वी पाहून घेणे हा तिचाच भाग आहे.

ग्राहक नौपाडा

मासुंदा, तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी अनेक वर्षे मुंबई ग्राहक पंचायतीच्या आमच्या इमारतीतल्या संघाची सभासद आहे. ही संस्था १९७५ पासून आहे आणि तिची पद्धत साधी आहे. काही कुटुंबांचा मिळून एक संघ होतो, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवली जाते, माल एकत्र येतो आणि आम्ही बायका तो आपापसांत वाटून घेतो. वाटप करताना प्रत्येक पुडा हाताखालून जातो, त्यामुळे वजनातले फरक आमच्या लवकर लक्षात येतात.

तुर्भेकर म्हणतात की छापलेले आहे, मग वाचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत खाद्यतेलाच्या काही पिशव्यांवर एक लिटरच्या बाजूला बारीक अक्षरांत ६० अंश सेल्सिअस असे तापमान छापलेले असायचे. तेल तापले की पसरते, म्हणून साठ अंशांच्या एका लिटरमध्ये आपल्या स्वयंपाकघरातल्या एका लिटरपेक्षा कमी वजनाचे तेल मावते. तेही छापलेलेच होते! मी कितीतरी महिने ते वाचत होते, पण मला वाटले की तेल साठवण्याची सूचना असावी. शेवटी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख न करता मात्रा आणि वजन दोन्ही छापा असे कंपन्यांना सांगितले आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. वाचणाऱ्यालाही कळणार नाही अशी माहिती देणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

आणखी एक गोष्ट लोक विसरले आहेत. बिस्किटे, चहा, खाद्यतेल, साबण अशा वस्तूंसाठी पूर्वी वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांत ठरावीक वजनांची अनुसूची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढली आणि तिच्या जागी एककामागची किंमत छापण्याची अट आली. कागदावर ही अदलाबदल रास्त वाटते, पण पूर्वी शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम हे अडाणी माणसालाही कळत होते आणि आता ८७ ग्रॅमचा ११३ ग्रॅमशी ताळा घालायला दशांश अपूर्णांक यावे लागतात.

मात्र तुझ्याशीही माझा मतभेद आहे. पुढे छापून घेतलेस तरी दोन महिन्यांनी लोकांची नजर मरेल. आम्ही पूर्वी जांभळी नाक्यावर सुटे धान्य तागडीत तोलून घ्यायचो, तेव्हा नजर काट्यावर असायची. वेष्टनातल्या मालाबरोबर ती सवय गेली, आणि ती आपण आपल्या हाताने घालवली. एकट्या ग्राहकाला कंपनी विचारत नाही. एकत्र येण्याचा कंटाळा करायचा आणि छापील ओळीवर भरवसा ठेवायचा, हे मला पटत नाही.

ऐरोलीकर

मी वेष्टनांच्या छपाईत काम करतो, त्यामुळे फक्त त्याच अंगाने लिहितो. वेष्टणाची लांबी तीच ठेवली म्हणजे फसवण्याचाच हेतू होता, असे दर वेळी नसते. प्रत्येक रंगासाठी कोरलेला सिलिंडर लागतो, यंत्रावरची मापे त्या लांबीवर बसवलेली असतात, आणि लांबी बदलली तर सगळा संच नव्याने करावा लागतो. हा खर्च मोठा असतो आणि पाच रुपयांच्या वस्तूत त्याला जागा नसते.

पण याच कारणाने मासुंदा यांचे म्हणणे मला मान्य आहे. निव्वळ वजनाचा आकडा जिथे छपाईतच असतो तिथे तो बदलण्यासाठी निदान एक सिलिंडर नव्याने कोरावाच लागतो. त्याच वेळी, त्याच सिलिंडरवर, दर्शनी भागात "पूर्वी ६० ग्रॅम, आता ५२ ग्रॅम" एवढी ओळ कोरायला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. तेव्हा खर्चाचे कारण निदान या ओळीबाबत तरी कोणी सांगू नये.

मासुंदा

तुर्भेकर, आपला चौथ्या पुड्याचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला आणि तो मला खोडता आला नाही. सहा रुपयांपेक्षा बावन्न ग्रॅम बरे, हे त्या बाईंनीही कदाचित मान्य केले असते. पण तो निर्णय त्यांना घ्यायला मिळाला नाही, तो त्यांच्या वतीने आणि त्यांच्या नकळत घेतला गेला. २० जुलै २०२० पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूची गुणवत्ता, मात्रा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. संध्याकाळी सात वाजता, मागे रांग असताना, पिवळ्या दिव्याखाली पुडा उलटा करून ०.०८ आणि ०.१० यांतला फरक ओळखायचा, तोही जुना पुडा समोर नसताना, ही अपेक्षा आपण आपल्या घरातल्या माणसाकडून तरी ठेवाल का?

प्रामाणिक कंपनीला शिक्षा होईल हे आपले म्हणणे मात्र शंभर टक्के खरे आहे. म्हणूनच हे एका कंपनीच्या सद्भावनेवर सोडता येणार नाही, नियम सर्वांना सारखा हवा. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंजवळ वजन घटल्याची आणि एककामागची किंमत वाढल्याची सूचना दोन महिने लावावी लागते. आपल्याकडे किसननगरच्या आठ फुटी दुकानात पाटी लावायला जागा नाही, तेव्हा ती पुड्यावरच यायला हवी.

नौपाड्याच्या काकू, नजर मरेल हे तुमचे म्हणणे मला पटते, आणि तरीही दोन महिने पुरेसे आहेत असे मला वाटते. ज्या दोन महिन्यांत बदल होतो त्याच दोन महिन्यांत माणसाला तो कळायला हवा. संघाबद्दल एवढेच म्हणेन की रोज संध्याकाळी चार पुडे घेणाऱ्याच्या हातात महिन्याच्या सामानाचे पैसे एकदम नसतात.

किसननगर किराणा

माझे दुकान याच भागात आहे. मासुंदा ज्या दुकानात उभ्या होत्या ते माझे नाही, पण असा प्रसंग माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा होतो. वजन कमी झाल्याचे आम्हाला कोणीच सांगत नाही. माल येतो, बिलावर फक्त नग आणि रक्कम असते, आणि आठ दिवसांनी एखादे गिऱ्हाईक पुडा परत आणून म्हणते की तुम्ही डुप्लिकेट माल ठेवता. कंपनीला कोणी विचारत नाही, शिव्या आम्ही खातो. एका आजोबांनी तर पंधरा वर्षांचे खाते बंद केले, कारण साबणाची वडी लहान झाली ती मीच बदलली असा त्यांचा समज झाला होता. आमच्यासारख्याचे दुकान उधारीवर आणि विश्वासावर चालते. आपण समोर छापा किंवा मागे छापा, पण माल येण्याआधी निदान आम्हाला तरी कळवा, म्हणजे विचारणाऱ्याला खरे उत्तर देता येईल.

तुर्भेकर

हे मात्र मला आजवर सुचले नव्हते याची खंत वाटते, कारण ते बिल माझ्यासारखाच कोणीतरी काढतो. कंपनीकडून आम्हाला नव्या ग्रॅमेजचे, म्हणजे बदललेल्या वजनाचे, पत्रक येते आणि ते गोदामातल्या फाइलमध्ये राहते. बिलावर वस्तूच्या नावापुढे वजन छापणे संगणकात एका रकान्याचे काम आहे, आणि सेल्समनने ऑर्डर घेतानाच दुकानदाराला सांगणे हे तर बिनखर्चाचे आहे. या आठवड्यापासून माझ्या बीटवर मी ते सुरू करतो.

दर्शनी भागावर घट छापण्याबद्दल माझे मत अजून बदललेले नाही. नियम सर्वांना सारखा आला तर मी विरोध करणार नाही, एवढेच म्हणतो. मासुंदा, आपण प्रकल्प-अहवालात हे लिहिणार असाल तर दुकानदाराचा मुद्दा ग्राहकाच्या मुद्द्याआधी घ्या. अहवाल वाचणारा विक्री-प्रमुख ग्राहकाचे पान उलटून पुढे जाईल, पण दुकानदार नाराज आहे म्हटल्यावर तो थांबून वाचेल.