मदत हवी आहे: डीएमएफ (रिअ‍ॅक्शनचा द्रावक) जातच नाहीये, तीन दिवस झाले!!

फ्लास्कवाली: बडोद्यातूनच लिहितेय. रोटाव्हॅपवर (फ्लास्क फिरवत व्हॅक्यूममध्ये द्रावक उडवायचं यंत्र) तीन दिवस डीएमएफ काढतेय, तळाशी मधासारखा चिकट गोळा बसलाय आणि एनएमआर (रेणू ओळखायची चाचणी) काढला की 8.02, 2.96, 2.88 ला डीएमएफचे तेच तीन पीक, माझ्या प्रॉडक्टच्या डोक्यावरून उंच. शुक्रवारी गाईडना स्पेक्ट्रम दाखवायचाय. प्लीज लवकर सांगा.

नंदेसरीकर: कंपाउंड काय? किती ग्रॅम? पाण्यात विरघळतं का? बाथ (फ्लास्कखालचं गरम पाणी) किती डिग्री, व्हॅक्यूम किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

फ्लास्कवाली: सॉरी. 400 मिग्रॅ, बाथ 60, व्हॅक्यूम फुल आहे.

नंदेसरीकर: फुल म्हणजे किती? गेज आहे का?

लिथियमभक्त: सोडा ते गेज. इथिल अ‍ॅसिटेटमध्ये घे, 5 टक्के लिथियम क्लोराईडच्या पाण्यानं चार-पाच वेळा धू, डीएमएफ पाण्याकडे जातो. पीएचडीची पाच वर्षं मी हेच केलंय.

जुना_कारेलीबाग: आणि प्रॉडक्ट पाण्यात गेलं तर? हेप्टेन (दुसरा द्रावक) घालून उडव, तो डीएमएफला बरोबर घेऊन जातो.

लिथियमभक्त: 400 मिग्रॅसाठी लिटरभर हेप्टेन उडवणार का काका?

जुना_कारेलीबाग: तुझं लिथियम क्लोराईड काय फुकट येतं?

गोठवा_सगळं: डीएमएसओ (असाच दुसरा चिवट द्रावक) असेल तर भरपूर पाणी घालून लायोफिलाइझ (गोठवून सुकवणं) करा, मस्त पावडर मिळते.

नंदेसरीकर: अहो, डीएमएसओचं विचारलंय कोणी? बरं ताई, व्हॅक्यूमचा पंप ऑइलचा की पाण्याचा?

फ्लास्कवाली: पाण्याचाच, खाली टब असतो तो. सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरतो आणि दिवसभर तेच फिरतं. याचा काय संबंध?

नंदेसरीकर: सगळा संबंध तिथेच आहे! मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी, वर पंप फिरून आणखी तापतं, टबात हात घालून बघ. पाणी 35 डिग्री असेल तर त्याचाच वाफेचा दाब 42 मिमी (पाऱ्याचा), पंप त्याच्या खाली जाऊच शकत नाही. डीएमएफ 40 मिमीच्या आसपास उकळायला 76 डिग्री मागतो आणि तू 60 वर ठेवून बसलीयेस, मग तीन दिवस काय, तीन महिने ठेव. टबात बर्फ टाक, पाणी 10 वर आणलंस की दाब 9 मिमीपर्यंत उतरेल. ऑइल पंप मिळाला तर उत्तमच, पण कोल्ड ट्रॅप (वाफ थंड करून अडवणारा सापळा) लावल्याशिवाय नको, नाहीतर सगळा डीएमएफ पंपाच्या तेलात.

उसळप्रेमी: बर्फाची लादी मांडवीकडे मिळते, येता येता सेव-उसळ खाऊन ये, तर्री जास्त सांग :)

लिथियमभक्त: धागा कुठे चाललाय बघा. मी म्हणतो पुढच्या बॅचला डीएमएफ वापरूच नका, अ‍ॅसिटोनायट्राइल घ्या, 82 डिग्रीला उकळून जातं.

जुना_कारेलीबाग: तिचं त्यात विरघळत नसेल तर? हेप्टेन.

फ्लास्कवाली: टबात हात घातला, चहा कोमट झाल्यावर असतो तसं पाणी! अर्धी लादी टाकली, वीस मिनिटांत कंडेन्सरवरून थेंब पडायला लागले, गोळा आता फेसाळून भिंतीला चिकटलाय. 2.96 आणि 2.88 चे पीक अजून थोडे दिसतात. हेप्टेनची बाटली आहे, एकदा मारून बघते.

जुना_कारेलीबाग: बघा.

नंदेसरीकर: ताई, कंपाउंड काय आहे ते अजून सांगितलंच नाहीस.