उ. : चांदीचे नॅनोकण, ४० नॅनोमीटर, पण शिखरे मोठी का?

प्रयोग असा: द्रावणातला चांदीचा एकेक कण इलेक्ट्रोडवर आदळतो, तिथे ऑक्सिडाइझ होतो (इलेक्ट्रॉन देतो) आणि विद्युतप्रवाहाच्या नोंदीत एक शिखर उमटतं; शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या कणाने दिलेला विद्युतभार. वर विचारलंय की कण ४० नॅनोमीटरचे असताना हा भार ०.६ पिकोकूलोमच्या आसपास का येतो. आधी हिशेब: ४० नॅनोमीटर व्यासाचा चांदीचा भरीव गोल पूर्ण ऑक्सिडाइझ झाला, अणूमागे एक इलेक्ट्रॉन, तर ०.३१ पिकोकूलोम मिळायला हवेत. तुमचा आकडा जवळपास दुप्पट, म्हणजे बहुधा दोन कण चिकटलेत. व्यास भाराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून हाच आकडा व्यासात फक्त ५० नॅनोमीटर दिसतो आणि 'कण जरा मोठे आहेत' असं वाटून फसगत होते.

संशय द्रावणातल्या मिठावर, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडवर. सायट्रेटचं आवरण कणांना विद्युतभारानेच दूर ठेवतं, जास्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये तो भार झाकला जातो आणि कण चिकटतात. २० मिलिमोलरपर्यंत खाली या, कण सगळ्यात शेवटी घाला (पिकोमोलर पुरे) आणि लगेच नोंद घ्या. मग तेच द्रावण अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. सरासरी भार वाढला तर गुठळ्याच.

उलट, भार कमी भरला तर मोजणी यंत्राचा फिल्टर (नोंदीतला गोंगाट गाळणारा) आणि सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा मोजतो ते) तपासा. फिल्टर शिखर बुटकं आणि रुंद करतो, त्याखालचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. म्हणून उंचीवरून आकार काढूच नका. मात्र बुटकं शिखर गोंगाटात बुडालं की त्याची शेपूट मोजणीतून सुटते. फॅरेडे पिंजरा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी धातूची पेटी) हवाच, नाहीतर घरगुती विजेची ५० हर्ट्झची लाट सगळं खाते. आणि कण न घालता कोरी नोंद घेतली आहे ना?