सल्ला हवा: बिलिंगच्या विंडो विंडोज, मॅक आणि उबुंटूवर आपापल्या जागी कशा उघडायच्या?

रवा_काटा
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गूळ अडतीसाठी बिलिंग सॉफ्टवेअर आहे. क्यूटी ६ (विंडो आणि बटणं बनवायची प्रोग्रामिंग लायब्ररी), भाषा सी प्लस प्लस. काउंटरवर दोन स्क्रीन. आतल्या स्क्रीनवर दिवाणजी बिल करतात, बाहेरची शेतकरी आणि व्यापाऱ्याकडे तोंड करून, तिच्यावर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन आणि दर. काउंटरवर विंडोज, मालकाकडे मॅक, गोडाऊनला उबुंटू २४.०४.

अडचणी चार. विंडोजवर ॲप बंद करून उघडलं की मुख्य विंडो दर खेपेला थोडी उजवीकडे आणि बरीच खाली सरकते. बाहेरच्या स्क्रीनची केबल काढली की ॲप चालू असतं, पण विंडो दिसत नाही. उबुंटूवर जागा ठरवणाऱ्या फंक्शनला काही दादच नाही. आणि लाइट गेली की सेव्ह केलेली जागा जुनीच राहते. हंगामात काउंटरवर विंडो शोधत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून पक्का उपाय पाहिजे.

शिरोली_फाटा
सरकण्याचं कारण आधी सांगतो. विंडो किती सरकते ते मोजून बघा. १०० टक्के स्केलवर (स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं ती सेटिंग) बरोबर ८ पिक्सेल उजवीकडे आणि ३१ पिक्सेल खाली जात असेल, तर तुम्ही क्यूटीच्या ‘जॉमेट्री’ फंक्शनचा आकडा सेव्ह करताय आणि परत लावताना ‘मूव्ह’ वापरताय. जॉमेट्री आतल्या भागाचा कोपरा देते, टायटलबार सोडून. मूव्ह मात्र चौकटीचा, म्हणजे टायटलबारसकट बाहेरचा कोपरा घेते. प्रत्येक खेपेला टायटलबारच्या उंचीएवढा फरक पडत जातो. ‘पॉस’ (बाहेरच्या कोपऱ्याची जागा) सेव्ह केलं तर ‘मूव्ह’ने लावा, ‘जॉमेट्री’ सेव्ह केली तर ‘सेट-जॉमेट्री’ने. जोड्या मोडू नका.

आडवे ८ पिक्सेल कुठून आले असं वाटेल. विंडोज १० पासून डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेला न दिसणारी पट्टी असते, माउसने आकार ओढता यावा म्हणून. चौकटीच्या मापात ती धरली जाते. त्यामुळे विंडो स्क्रीनच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसते तेव्हा तिचा आकडा उणे येतो. तो चुकीचा समजून शून्य करू नका, नाहीतर कडेला फट दिसेल.

पंचगंगा_घाट
वरचं बरोबर आहे, पण नुसत्या आकड्यांवर विसंबू नका. एकच स्क्रीन असेल तर क्यूटीचं ‘सेव्ह-जॉमेट्री’ आणि ‘रिस्टोअर-जॉमेट्री’ पुरतं. ते साधा आकार आणि मॅक्सिमाइझची अवस्था वेगवेगळी ठेवतं, शिवाय विंडो स्क्रीनबाहेर जात असेल तर आत ओढतं. फक्त रिस्टोअर हे विंडो दाखवणाऱ्या ‘शो’च्या आधी बोलवायचं.

दोन स्क्रीन आल्या की ते अपुरं पडतं, कारण स्क्रीनची ओळख ते यादीतल्या क्रमांकाने ठेवतं. केबल काढून घातली की क्रमांक बदलू शकतो. म्हणून स्वतः लिहून ठेवा: स्क्रीनचा उत्पादक, मॉडेल, सिरियल नंबर, त्या स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून विंडो किती आत आहे ते अंतर, साधा आकार, आणि मॅक्सिमाइझ आहे की नाही. सिरियल रिकामा येतो असं गृहीत धरूनच चला, तेव्हा मॉडेल आणि रिझोल्यूशन जुळतंय का बघायचं. काहीच जुळलं नाही तर मुख्य स्क्रीन. उघडण्यापूर्वी आकार त्या स्क्रीनच्या मोकळ्या जागेत, म्हणजे टास्कबार वगळून, बसतो का तपासा. नसेल तर आधी आकार लहान करा, मग जागा आत सरकवा. टायटलबारचा निदान १०० पिक्सेल तुकडा दिसलाच पाहिजे, म्हणजे धरून ओढता तरी येते.

अजून एक खोड. आतली स्क्रीन १९२० बाय १०८०, स्केल १२५ टक्के असेल, तर क्यूटीच्या हिशेबात तिची रुंदी १५३६ होते. पण शेजारची स्क्रीन मात्र १९२० पासूनच सुरू होते. मधले १५३६ ते १९१९ हे आकडे कुठल्याच स्क्रीनचे नाहीत. ‘या बिंदूवर कुठली स्क्रीन’ असं विचारलं तर तिथे रिकामा पॉइंटर (म्हणजे ‘स्क्रीनच नाही’ असं उत्तर) येतो आणि न तपासता वापरला तर ॲप कोसळतं. स्क्रीनपासूनचं अंतर सेव्ह करायला सांगतोय ते याचसाठी.

शिरोली_फाटा
लाइटचं सोपं आहे. ‘क्लोज-इव्हेंट’मध्ये, म्हणजे विंडो बंद होताना, सेव्ह करताय, आणि वीज गेल्यावर तो येतच नाही. विंडो हलली किंवा आकार बदलला की ५०० मिलिसेकंदांचा टायमर नव्याने लावा, तो संपला की सेव्ह. मिनिमाइझ असताना करू नका. विंडोजचं मूळ फंक्शन थेट वापरत असाल तर मिनिमाइझ विंडोची जागा उणे ३२०००, उणे ३२००० अशी येते, आणि तोच आकडा सेव्ह झाला की दुसऱ्या दिवशी विंडो गायब. मॅक्सिमाइझचाही प्रश्न टायमरने सुटतो. आकार बदलल्याची खबर कधी कधी अवस्था बदलण्याआधी येते, त्यामुळे लगेच सेव्ह केलं तर पूर्ण स्क्रीनचा आकारच ‘साधा आकार’ म्हणून जातो.

रंकाळा_संध्याकाळ
उबुंटूबद्दल. भावा, तिथे तुझा कोड चुकलेला नाही. २४.०४ चं नेहमीचं सेशन वेलँडवर (लिनक्सवर विंडो दाखवण्याची नवी पद्धत) चालतं, आणि वेलँडमध्ये ॲपला आपली मुख्य विंडो कुठे आहे हे कळत नाही आणि ठरवताही येत नाही. ते काम कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रामचं. जागा विचारली तर आकडा मिळतो, पण तो खरा नसतो, म्हणून वेलँडवर जागा सेव्हच करू नका, फक्त आकार आणि मॅक्सिमाइझ. जीटीके ४ या क्यूटीसारख्याच दुसऱ्या लायब्ररीतून तर विंडो हलवायचं फंक्शनच काढून टाकलंय.

बाहेरच्या स्क्रीनला मात्र सरळ वाट आहे. फुलस्क्रीन कुठल्या स्क्रीनवर हवं ते वेलँडमध्ये सांगता येतं. विंडोला आधी स्क्रीन नेमून द्या, मग ‘शो-फुलस्क्रीन’. विंडोजवर मात्र नुसती स्क्रीन नेमून विंडो तिकडे जातेच असं नाही, ‘शो-फुलस्क्रीन’आधी ती त्या स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर हलवा. मॅकवर फुलस्क्रीन म्हणजे वेगळी स्पेस (स्वतंत्र डेस्कटॉप) होते, आणि ‘प्रत्येक डिस्प्लेला वेगळ्या स्पेस’ ही सेटिंग बंद असेल तर दुसरी स्क्रीन काळी पडते. तिथे चौकट नसलेली विंडो त्या स्क्रीनच्या पूर्ण मापात बसवा.

पर्याय म्हणून ‘क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘एक्ससीबी’ दिलं की ॲप एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवरच जुन्या एक्स११ पद्धतीने, चालतं आणि जागा बहुतेक वेळा पाळली जाते. पण १२५ टक्क्यांसारख्या स्केलवर अक्षरं धूसर दिसतात. दिवसभर आकडे वाचणाऱ्याला ते देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रवा_काटा
जोडी मोडलेलीच होती. बरोबर ८ आणि ३१. ती दुरुस्त केली, टायमरही लावला. एक राहिलं: गोडाऊनला शेतकऱ्याचं नाव टाइप करताना खाली यादी उघडते, ती वेलँडवर भलतीकडेच येते.

रंकाळा_संध्याकाळ
यादीला पालक विंडो (ज्या विंडोतून ती उघडते ती) दिली नसेल. वेलँडमध्ये पॉपअपची जागा पालकाच्या संदर्भानेच ठरते. ‘पॉपअप’ किंवा ‘टूलटिप’ प्रकार द्या आणि पालक म्हणून मुख्य विंडो. ‘डायलॉग’ना पण पालक द्या, नाहीतर तेही कुठेही उघडतील.

पंचगंगा_घाट
यार्डात बसवण्याआधी एवढं करून बघा: बाहेरची स्क्रीन सेटिंगमध्ये डावीकडे ठेवा म्हणजे आकडे उणे होतात, दोन्हींचं स्केल वेगळं ठेवा, विंडो तिकडे नेऊन ॲप बंद करा, केबल काढा, मग उघडा. मुख्य स्क्रीनवर टायटलबारसकट उघडली पाहिजे. आणि केबल परत जोडल्यावर जुनी जागा मिळायला हवी असेल तर स्क्रीनप्रमाणे वेगळी नोंद ठेवा, एकच नोंद पुसून नवी लिहू नका.