एकेक ऑर्डर उचलायची की गठ्ठ्याने? भिवंडीतल्या गोदामाचं गणित

गोदामगणित
ऑर्डरीचा माल फळीवरून एकेक ऑर्डर घेऊन उचलायचा की अनेक ऑर्डरींचा एकाच फेरीत, गठ्ठ्याने? हवेत वाद नको म्हणून एक नमुना धरू. भिवंडी पट्ट्यात सर्रास दिसतं तसं मध्यम गोदाम. साबण, शाम्पू, तेल, क्रीम असा माल, 4,000 एसकेयू (म्हणजे वेगवेगळ्या वस्तू, आकारासकट), 30 मीटर लांबीच्या 24 गल्ल्या. रोज 1,200 ऑनलाइन ऑर्डरी. त्यातल्या 720 एकाच वस्तूच्या, उरलेल्या 480 मध्ये सरासरी तीन ओळी (एक ओळ म्हणजे ऑर्डरीतली एक वस्तू). पिकर, म्हणजे माल उचलणारा माणूस, एकेक ऑर्डर घेऊन फिरला तर एका वस्तूसाठी जाऊन-येऊन 140 मीटर धरा, तीन ओळींसाठी 240. बेरीज 216 किलोमीटर. तासाला 3.6 किमी चाल धरली तर 60 तास. म्हणजे आठ-नऊ माणसांची अख्खी पाळी नुसत्या चालण्यात जाते, हात मालाला लागायच्या आधीच!

आता 720 ऑर्डरी चाळीस-चाळीसच्या गठ्ठ्याने उचला. 18 फेऱ्या, प्रत्येकी साधारण 740 मीटर, 13 किमी. माल वेगळा करत बसावं लागत नाही. सगळा क्रेट पॅकिंग टेबलावर आणायचा, वस्तू स्कॅन केली की त्या वस्तूच्या सर्वांत जुन्या ऑर्डरीचं लेबल छापून येतं. बाकीच्या 480 साठी 12 क्रेटची ट्रॉली, एका क्रेटमध्ये एक ऑर्डर. 40 फेऱ्या, 28 किमी. एकूण 42 किमीच्या आत काम होतं. एवढं समोर असताना 'एकेक ऑर्डर बरी' हा हट्ट कशासाठी?

तिसरीगल्ली
गणित चोख आहे, पण 140 मीटर हा आकडा तुम्ही देवाने दिल्यासारखा धरलाय. जलद खपणारा माल दारापासून लांब पडला आहे म्हणून तो 140 आहे. खपाचे पहिले 400 एसकेयू पॅकिंगजवळच्या पाच गल्ल्यांत, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा. एका वस्तूची चाल 60 मीटरवर येईल, तीन ओळींची 150 वर. 216 चे 115 किमी होतात. नवं सॉफ्टवेअर नाही, नवी ट्रॉली नाही, दोन रविवारी माल हलवायचा, बस. पाळीला नवा मुलगा आला तरी एक कागद, एक क्रेट, एक ऑर्डर त्याला दहा मिनिटांत समजते. चूक झाली तर एका ऑर्डरीत होते. गठ्ठ्यात 200 मिलिऐवजी 250 मिलिच्या दहा बाटल्या उचलल्या की दहा ग्राहक बोंबलतात.

लालपेन
दहा ग्राहक बोंबलतील ते पॅकिंगला स्कॅन नसेल तरच. स्कॅनशिवाय गठ्ठा ही मुळात पद्धतच नव्हे, तो जुगार आहे.

पण स्कॅनही सगळं पकडत नाही, हे दोन्ही पक्ष विसरतायत. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. अशा बदलात गोदामात एकाच मालाचे दोन एमआरपी एकाच वेळी पडून राहतात. डब्यावरचा बारकोड मात्र बहुधा तोच, त्यात एमआरपी नसते, मुदतही नसते. बीप वाजतो, हिरवा दिवा लागतो आणि बिलावर एक दर, बाटलीवर दुसरा. एका बिनमध्ये (फळीवरच्या कप्प्यात) एकच बॅच, म्हणजे एकाच वेळी बनलेला माल, आणि एकच एमआरपी हा नियम आधी लावा. माल आत घेतानाच स्वतःचं लेबल चिकटवा, ज्यात एसकेयूबरोबर बॅचही असेल. त्यानंतर गठ्ठा की एकेक यावर खुशाल भांडा.

कटऑफसहा
वेळेचा हिशेब कुणीच मांडला नाही. कुरिअरची गाडी सहाला लागते. गठ्ठा भरायची वाट पाहायची, मग 45 मिनिटांची फेरी, मग टेबलावर रांग. शेवटचा गठ्ठा साडेचारला सोडावाच लागतो. 5:10 ला आलेल्या घाईच्या ऑर्डरीचं काय? ती एकटीच उचलावी लागणार. मुंबईतली काही मिनिटांत घरपोच देणारी छोटी स्टोअर्स एकेकच उचलतात ती याचमुळे. जागा लहान, चाल कमी, थांबायची सोय नाही.

गोदामगणित
लालपेन, मान्य. कटऑफसहा, घाईच्या ऑर्डरींसाठी एक माणूस राखून ठेवा, त्याने गठ्ठा मोडत नाही. गठ्ठे 11, 2 आणि साडेचार अशा लाटांत सोडले तर टेबलावरही एकदम लोंढा येत नाही.

तिसरीगल्ली, माल पुढे आणणं आणि गठ्ठा यांत 'हे की ते' असं काही नाही. माल पुढे आणला की गठ्ठ्याची फेरीही 740 वरून खाली येते. उलट तुमच्या पद्धतीत दहा पिकर त्याच पाच गल्ल्यांत घुसतात. गल्ली 1.2 मीटर रुंद असेल तर दोन ट्रॉल्या अडकतात, तिसरा उभा राहतो. वाचवलेले मीटर तिथेच संपतात.

तिसरीगल्ली
मग तुमची 12 क्रेटची, 1.2 मीटर लांबीची ट्रॉली त्या गल्लीत वळणार कशी? ती गल्लीच्या तोंडाशी ठेवून आत जायचं, म्हणजे तुमच्या 28 किमीत भर पडली. शिवाय 7 क्रमांकाच्या क्रेटमधली क्रीम 8 मध्ये पडते. क्रेट स्कॅन केल्याशिवाय पुढची ओळ उघडणार नाही असं कुलूप लावलंत तर एका ओळीला चार सेकंद वाढतात. 1,440 ओळींना दीड तासाहून जास्त.

लालपेन
दीड तास स्वस्त आहे. चुकीचं पार्सल परत आलं की दोन वेळचं भाडं आणि वर तपासणी, त्यापुढे चार सेकंद काहीच नाहीत.

ठोकबाजार
सगळे ऑनलाइनवर तुटून पडलेत. अशाच गोदामातून दुकानदारांच्याही ऑर्डरी जातात. समजा रोज 40, प्रत्येकी 60 ओळी, म्हणजे 2,400 ओळी. ऑनलाइनच्या 2,160 पेक्षा जास्त! साठ ओळींची एक ऑर्डर घेऊन निघालात तर 24 पैकी 22 गल्ल्या लागतात, 800 मीटर. एका ओळीला 13 मीटर. गोदामगणितांचा गठ्ठा एका ओळीला 18 मीटर मागतो, ट्रॉली 20. म्हणजे इथे एकेक ऑर्डरच जिंकते. तेव्हा ऑर्डरी किती हे विचारूच नका, एका ओळीला किती मीटर ते विचारा.

आणि दुकानदारांची पूर्ण खोकी वरच्या पॅलेटवरून काढा, खालच्या बिनला हात लावू नका. नाहीतर सकाळी दुकानाचा पिकर बिन रिकामा करतो आणि दोनच्या लाटेतल्या पिकरला शॉर्ट, म्हणजे माल कमी, दाखवावं लागतं, वर 200 नग पडलेले असताना.

तिसरीगल्ली
हे पटलं. पण एका छपराखाली तीन पद्धती, आणि सुपरवायझर एकच. गठ्ठ्यात दहाऐवजी नऊ बाटल्या आल्या तर दहावं पार्सल कुणाचं अडकलं, हे त्याला पडद्यावर दिसतं का? नसेल दिसत तर तो माणूस संध्याकाळी साडेपाचला गल्ल्यांत बाटली शोधत फिरणार.

गोदामगणित
दिसायलाच हवं, आणि तो शॉर्ट सर्वांत नव्या ऑर्डरीवर पडायला हवा. सॉफ्टवेअर एवढं करत नसेल तर फक्त 720 एकवस्तूच्या ऑर्डरी गठ्ठ्याने घ्या, तेही दहा-दहाच्या. ट्रॉलीचं नंतर बघू.