कॅनडातला डावा पक्ष एवढा कसा आपटला?

निपाणीवाला
नमस्कार मंडळी. भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला हाय, गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतोय. परवा फोनवर म्हणाला तिथं ओहिपचं, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड असलं की डॉक्टरला दाखवायला पैसे लागत नाहीत, आणि ही सोय मुळात डाव्यांनी आणली, एनडीपी म्हणून पक्ष हाय. मी म्हटलं मग राज्य त्यांचंच असेल की, तर हसाय लागला. २०२५ च्या इलेक्शनला ७ सीटा आल्या म्हणे, आणि लीडर जगमीत सिंग स्वतःच पडला. आमच्या घरात लाल बावटा नवीन नाही, आई बिड्या वळायची, युनियनच्या पावत्या ट्रंकेत अजून हायत. खरं हे गणित मला कळंना. काम केलेल्याला मत नाही हे कसं ओ?

खानापूरची बाई
दादा, गोष्ट सस्कॅचेवानपासून सुरू होते. गव्हाचा प्रांत, १९३० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली, शेतकरी पार बुडाले. त्यातनं शेतकरी आणि कामगारांचा सीसीएफ पक्ष निघाला आणि १९४४ ला टॉमी डग्लस तिथं मुख्यमंत्री झाला. १ जुलै १९६२ ला सरकारी वैद्यकीय विमा चालू केला तर डॉक्टरच संपावर गेले, २३ दिवस! ब्रिटनहून डॉक्टर आणले सरकारनं, खरं मागं हटलं नाही. डग्लस तोवर दिल्लीत, म्हणजे आपलं त्यांच्या राजधानीत ओटावात, सीसीएफमधनंच निघालेल्या नव्या एनडीपीचा नेता होऊन गेलेला. मग १९६६ ला देशभराचा कायदा कुणी केला? मध्यममार्गी लिबरल पक्षानं. त्यांचं सरकार अल्पमतात होतं, एनडीपीची गरज होती. पेरलं एकानं, रास दुसऱ्याच्या खळ्यात.

शहापूरकर
बाईंचं बरोबर हाय खरं यावेळचं कारण वेगळं. २०२१ ला २५ सीटा होत्या की. २०२२ ला लिबरलांना बाहेरून पाठिंबा दिला, त्या बदल्यात विमा नसलेल्या कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांच्या दातांच्या उपचाराची योजना पदरात पाडून घेतली, २०२४ ला पाठिंबा काढला. मग ट्रम्प म्हणाय लागला कॅनडा अमेरिकेचं ५१ वं राज्य करतो, लोक घाबरले, एनडीपीला दिलेलं मत वाया जाऊन उजवे कॉन्झर्व्हेटिव्ह येतील म्हणून सगळे लिबरलांच्या कार्नीच्या मागं गेले. मतदानाची पद्धत आपल्यासारखीच, ज्याला जास्त मतं तो आला, बाकीच्यांची मतं पाण्यात. आता संसदेत मान्यताप्राप्त पक्ष म्हणवून घ्यायला १२ खासदार लागतात, तेवढेही नाहीत. आपल्याकडं बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन-दोन उमेदवार उभे राहिले की काय होतं ते मी सांगायला पायजे का?

टिळकवाडीचा पोरगा
काका समितीचं इथं कशाला, तिथं बंडखोरीनं पडले नाहीत. इलेक्शन सोडा, रस्त्यावरचं बघा. फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात २०१२ ला फी वाढवणार म्हणून पोरांनी कॉलेजं महिनोन् महिने बंद पाडली, छातीला लाल कापडाचा चौकोनी तुकडा लावून. मोर्च्यांवर बंधनं घालणारा कायदा आला तर गल्लीगल्लीत म्हाताऱ्या बायासुद्धा रात्री भांडी वाजवत बाहेर. (आमची आज्जी म्हणाली, आमच्या लाटणं मोर्च्याची कॉपी मारली.) सप्टेंबरात इलेक्शनला सरकार हरलं आणि फीवाढ रद्द. आणि तिथं भाषेचा प्रश्न आणि डावं राजकारण बऱ्यापैकी एकत्र चालतं, क्वेबेक सॉलिडेअर पक्ष डावा पण हाय आणि क्वेबेक वेगळं करा म्हणणारा पण. आपल्या भागात भाषेचा मोर्चा निघाला की मजुरीचं कोण बोलतंय?

शहापूरकर
संयुक्त महाराष्ट्र समितीत कॉम्रेड डांगे होते बाळा, वाच जरा. आणि त्याच क्वेबेकनं २०११ ला एनडीपीला ५९ सीटा दिल्या आणि २०२५ ला एक.

निपाणीवाला
बाई, खळ्याचं पटलं. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर आमचा बा बसलेला, तेव्हा बसलेल्यांनी पुढं मतं कुणाकुणाला दिली ते घरातच बघितलंय. भाच्याला आज विचारलं तू कुणाला देशील, तर म्हणतो मामा अजून सिटिझन कुठं झालोय, आधी मालकानं अडवलेला दोन आठवड्यांचा पगार निघूदे. त्याला तिथल्या युनियनचा कुणी माणूस माहीत असला तर मेसेज टाका की.