विषय: बाबांच्या लॅपटॉपसाठी एसएसडी – स्वस्तात कुठे मिळेल?

मंडळी, नमस्कार.
पुढच्या महिन्यात सांगलीला जातोय. बाबांचा लॅपटॉप जुना आहे, आत हार्ड डिस्क. चालू केला की चहा होऊन जातो तरी स्क्रीन येत नाही. इथून, अमेरिकेतून, १ टीबीची एसएसडी (हार्ड डिस्कहून खूप वेगवान डिस्क) न्यावी म्हणतो. ॲमेझॉनवर एका एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवर ४० टक्के सूट दिसतेय. घेऊन टाकू का?

---

> ४० टक्के सूट दिसतेय

दादा, जरा थांबा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क असते, तिच्या जागी एनव्हीएमई बसतच नाही. आधी बाबांकडून मॉडेल नंबर मागवा. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तोही भरपूर आहे.

सवलतीच्या टक्क्यांकडे बघूच नका. खोडलेली किंमत विक्रेताच ठरवतो. कॅमलकॅमलकॅमल या साइटवर त्या वस्तूची लिंक टाका, ॲमेझॉनवरच्या जुन्या किमतींचा आलेख दिसतो. आजचा भाव खरंच खाली आलाय का ते लगेच कळतं. न्यूएग, बेस्ट बाय, बी अँड एच या दुकानांचे भाव पीसीपार्टपिकर या साइटवर एकत्र बघता येतात.

टिकाऊपणासाठी जास्त पैसे मोजायची गरज मला तरी वाटत नाही. सॅमसंग ८७० ईव्हो १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू (म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येईल याची हमी), क्रुशियल एमएक्स५०० ला ३६०. बाबांनी रोज २० जीबी लिहिलं (लिहिणार नाहीतच!) तरी वर्षाला साडेसात टीबीसुद्धा होत नाही. फोटो आणि बँकेच्या कामाला ५०० जीबी पुरे, उरलेल्या पैशांत रॅम वाढवा.

---

ताईंशी सहमत, फक्त ५०० जीबीचं जपून. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायची असेल तर क्लोनझिला हे नक्कल करणारं सॉफ्टवेअर नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी मागतं. बाबांची डिस्क १ टीबीची असेल तर एकतर १ टीबीच घ्या, नाहीतर विंडोज नव्याने टाकायची तयारी ठेवा. साटा-यूएसबी केबल विसरू नका, नकलेसाठी लागेल.

आणि सगळ्यांनाच कळकळीने सांगतो, "१६ टीबी, ३० डॉलर" असल्या बाहेरून जोडायच्या एसएसडीच्या वाटेला जाऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी एका मोठ्या साइटवरच्या परक्या विक्रेत्याकडून घेतली. उघडली तर आत छोट्या बोर्डावर एक मायक्रोएसडी कार्ड. कॉम्प्युटरला ती १६ टीबी सांगते, खरी जागा संपली की पुढच्या फाइली नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. नातवंडांचे फोटो गेले त्यांचे.

म्हणून "सोल्ड बाय"समोर कुणाचं नाव आहे ते वाचा. डिस्क आली की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅकवर एफथ्री चालवा. हे प्रोग्रॅम डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. हे विमानात बसायच्या आधी झालं पाहिजे, सांगलीहून ती परत कशी पाठवणार?

---

ताई, काका, खूप आभार. बाबांनी फोटो पाठवला: साटाच आहे, डिस्क ५०० जीबी, त्यातली निम्मी रिकामी. म्हणजे ५०० जीबीची साटा घेतो, भावाचा आलेख बघून या शनिवारी मागवतो. रॅम कोणती लागते ते कुठे बघायचं, काका?