लडाखच्या प्रवासासाठी हाताने चालणारं एस्प्रेसो यंत्र: नॅनोप्रेसो, पिकोप्रेसो की फ्लेअर?

दुपारची_कॉफी (प्रश्न)

मंडळी, सप्टेंबरअखेर लडाखचा बेत आहे, १२ दिवसांचा. पुणे ते दिल्ली रेल्वे, दिल्ली ते लेह विमान, पुढे गाडीने नुब्रा आणि पँगाँग. दोन माणसं, रोज सकाळी दोन एस्प्रेसो, त्यातला एक दुधाचा. होमस्टेमध्ये उकळतं पाणी मिळेल, विजेचा भरवसा नाही.

वकाको कंपनीचं नॅनोप्रेसो, त्यांचंच पिकोप्रेसो (दोन्ही हातपंपाची) आणि लिव्हरचं फ्लेअर अशी तीन नावं डोक्यात आहेत. बॅटरीवर पाणी तापवणारी यंत्रंही दिसली. हँड ग्राइंडर सध्या टाइममोर सी२ आहे. विचारायचं ते असं:

– या तिघांत सामानाच्या आणि कटकटीच्या दृष्टीने कोणतं परवडेल?
– सी२ चालेल का, की दळून घेतलेली पावडर न्यावी?
– लेहला पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणतात. त्याने खरंच फरक पडतो का?

मोका पॉट (चुलीवर ठेवायचं कॉफीचं भांडं) घरी आहे, तो सुचवू नका. 🙂

---

खलबत्ता

यंत्र नंतर ठरवा, आधी ग्राइंडर ठरवा. तुमच्या तिन्ही पर्यायांमधला खरा फरक तिथेच आहे.

नॅनोप्रेसोच्या तोटीत एक छोटी झडप असते. आतला दाब ठरावीक पातळीला गेल्याशिवाय ती कॉफी बाहेर सोडत नाही. त्यामुळे दळण थोडं जाड असलं तरी दाब तयार होतो आणि वर फेसही दिसतो. हा फेस मुख्यतः झडपेतून जोरात बाहेर पडल्यामुळे येतो, त्यावरून शॉट (एका वेळची एस्प्रेसो) चांगला झाला असं समजू नका. पण सी२ किंवा दुकानातून दळून आणलेली पावडर या यंत्रात चालून जाते.

पिकोप्रेसोत अशी झडप नाही. ५२ मिमीची साधी बास्केट (पावडर भरायची भोकांची वाटी), खालून उघडी. पाण्याला अडवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे कॉफीचा थर. दळण जाड असेल तर पंप हाताला लागणारही नाही, पाणी भसकन खाली येईल आणि कपात आंबट पाणी. फार बारीक असेल तर पंपाचा दांडा जागचा हलणार नाही.

सी२चा एक क्लिक (दळण जाड-बारीक करायच्या चक्रीची एक खाच) साधारण ८० मायक्रॉनचा आहे. एस्प्रेसोच्या टप्प्यात तेवढ्या एका क्लिकमध्ये १५ सेकंदांचा शॉट थेट दीड मिनिटावर जातो आणि मधलं काही मिळत नाही. त्याच कंपनीच्या सी३ ईएसपीचा क्लिक २३ मायक्रॉनच्या आसपास, किनग्राइंडर के६चा १६, वनझेडप्रेसो जे-अल्ट्राचा ८. पिकोप्रेसोसाठी यातलं एखादं हवं. पैसे मर्यादित असतील तर चांगला ग्राइंडर आणि नॅनोप्रेसो घ्या. उलटं करू नका.

वजनाचं म्हणाल तर नॅनोप्रेसो ३३६ ग्रॅम, पिकोप्रेसो ३५० ग्रॅम, म्हणजे उन्नीस-बीस. के६ एकटा त्यांच्या जवळजवळ दुप्पट भरतो, हे सामान बांधताना लक्षात ठेवा. फ्लेअर पेटीसकट दोन-तीन किलोंवर जातं, शिवाय पक्कं टेबल लागतं. शॉट उत्तम देतं, पण गाडीच्या बॉनेटवर त्याचा लिव्हर दाबून बघा.

---

चोथापाणी

वर ग्राइंडरबद्दल लिहिलंय ते सोळा आणे खरं, पण नॅनोप्रेसोची एक अडचण राहून गेली. त्यात कॉफी मावते ८ ग्रॅम. दोन माणसांना, त्यात एकाला दुधाचं, ८ ग्रॅम फारच तुटपुंजं. त्यांचा बरिस्ता किट जोडला तर १६ ग्रॅमची बास्केट आणि १४० मिलीची टाकी मिळते, पण मग यंत्र लांबतं आणि सुटे भाग वाढतात. पिकोप्रेसोत मुळातच १८ ग्रॅम मावतात. त्यामुळे ग्राइंडर बदलायची तयारी असेल तर माझं मत पिकोप्रेसोला.

वापरायची रीत अशी:

पावडर न घालता टाकीत उकळतं पाणी भरा, यंत्र जोडा आणि पंप मारून सगळं पाणी बास्केटमधून काढून टाका. हे ऐच्छिक नाही. एवढ्याशा पाण्याची उष्णता थंड धातू आधी ओढून घेतो. ही पायरी गाळली तर कितीही चांगल्या बिया आणा, कॉफी आंबट लागणार.

यंत्र तापतंय तोवर १८ ग्रॅम दळून घ्या. लडाखची हवा कोरडी, त्यामुळे पावडर ग्राइंडरच्या भिंतींना आणि झाकणाला चिकटून बसते. दळण्याआधी चमच्याचा ओला दांडा बियांमधून एकदा फिरवा, एवढा ओलावा पुरतो.

सोबत आलेलं नरसाळं बास्केटवर बसवून पावडर ओता आणि बारीक सुईने तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडा. टूथपिकही चालते. मग हलकं आपटून सपाट करा आणि सरळ दाबा. जोर किती लावला यापेक्षा थर एका बाजूला कलंडला नाही ना, हे बघा. बास्केटची कड बोटाने पुसून घ्या. तिथे पावडरीचे चार कण राहिले तरी रबरी रिंग नीट बसत नाही आणि कडेने गरम पाणी फुटतं.

टाकीत ८० मिली उकळतं पाणी ओतून लगेच झाकण लावा. आठ-दहा हलके पंप मारा, बास्केटच्या खाली पहिले थेंब दिसले की थांबा आणि मनात दहा मोजा. थर सगळीकडून भिजला की मग एका लयीत पंप मारा. धार सुरुवातीला काकवीसारखी दाट आणि गडद यायला हवी, हळूहळू ती फिकट होते. पहिल्या पंपापासून ३० ते ४० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम आले की कप बाजूला घ्या. टाकीत पाणी उरलेलं असतं, तेही पिळून काढायच्या मोहात पडू नका. शेवटचं फिकट पाणी फक्त कडवटपणा वाढवतं.

धार एका कडेने किंवा फवाऱ्यासारखी आली तर दळणाला हात लावू नका, ढवळणं आणि सपाट करणं सुधारा. सगळीकडून सारखी पण भरभर आली तर दोन-तीन क्लिक बारीक करा. दांडा दगडासारखा झाला तर जोर लावू नका, तशाने आतली झडप किंवा रिंग जाते. एक मिनिट थांबा, दाब उतरू द्या, मग उघडा. दाब असताना फिरवून उघडलंत तर उकळती पावडर थेट हातावर येते.

---

घाटमाथा

उंचीबद्दल. फरक पडतो, आणि चांगलाच.

लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. नुब्रात दिस्कीटला ९०च्या जवळ. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर, तिथे ८६. पुण्यात ९८ अंशांना उकळलेलं पाणी यंत्रात जाऊन पावडरीपर्यंत पोचताना पाच-सात अंश गमावतं, तरी कॉफी जमते. पँगाँगला सुरुवातच ८६ला. पंपाने दाब वाढतो, तापमान नाही.

त्यावर उपाय बियांपासून सुरू होतो. हलक्या भाजणीच्या, फळांच्या चवीच्या वगैरे महागड्या बिया घरीच ठेवा, त्यांना ९३-९५ अंश लागतात. मध्यम-गडद किंवा गडद भाजणी घ्या, तिच्यातून कमी तापमानालाही अर्क सहज उतरतो. चिकमगळूर किंवा कूर्गच्या अरेबिकात थोडा रोबस्टा असलेलं मिश्रण दुधातही उभं राहतं. चिकरीवाली फिल्टर कॉफी मात्र यात घालू नका. चिकरी पाण्यात विरघळून चिकट होते, बास्केटची भोकं बुजतात आणि पंप अडकतो.

बाकी: यंत्र एकदा नाही, दोनदा गरम करा. दळण पुण्याच्या सेटिंगपेक्षा दोन-तीन क्लिक बारीक घ्या. भिजवून थांबायचा वेळ १० ऐवजी १५-२० सेकंद ठेवा. १८ ग्रॅमला ३६ ऐवजी ४२-४५ ग्रॅम काढा.

पाण्याचा हिशेब बघा. दोनदा गरम करायला १६०, पहिला शॉट ८०, दुसरा ८० (तेव्हा यंत्र तापलेलंच असतं), शेवटी धुवायला ८०. म्हणजे सकाळी ४०० मिली. होमस्टेच्या स्वयंपाकघरात तेवढं मागायला कुणी नाही म्हणत नाही, पण किटलीतून कपात आणि कपातून तुमच्या खोलीत येईपर्यंत त्याचा निम्मा जोर जातो. यंत्र घेऊन चुलीपाशी जा. ते जमत नसेल तर पाऊण लिटरचा थर्मास न्या आणि त्यातही आधी उकळतं पाणी घोळवून ओतून द्या.

---

दुपारची_कॉफी

खूप उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. पाणी प्रेशर कुकरमध्ये तापवलं तर शंभरच्या वर जाईल ना, तेच वापरलं तर? आणि बॅटरीवाल्या यंत्रांबद्दल कुणीच बोललं नाही.

---

घाटमाथा

कुकर बंद असेपर्यंत आत शंभरच्या वर असतंच, म्हणून तर तिथे डाळ शिजते. पण शिटी काढून झाकण उघडलंत की दाब बाहेरच्याइतका होतो आणि पाणी उकळत उकळत क्षणात ८८ला येतं. जास्तीची उष्णता वाफ होऊन जाते. कॉफीला उपयोग शून्य.

बॅटरीवाली यंत्रं (आउटिन नॅनो वगैरे) गार पाण्यापासून सुरुवात केली तर एका चार्जमध्ये मोजकेच शॉट देतात, कारण बॅटरीची बहुतेक ताकद पाणी तापवण्यातच जाते. थंडीत ती आणखी घटते. आणि ९० अंशांच्या वरचं तापमान गाठायला बनवलेलं यंत्र पँगाँगला तो आकडा गाठूच शकत नाही, पाणी आधीच उकळलेलं असतं. विजेचा भरवसा नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग हे लोढणं कशाला?

---

खलबत्ता

बॅटरीवालं नेलंच तर विमानात केबिन बॅगेत ठेवा, लिथियम बॅटरीची उपकरणं चेक-इनमध्ये टाकू नयेत. ग्राइंडर आणि पिकोप्रेसो उलट चेक-इनमध्येच बरे. एक्स-रेवर धातूचे दोन जाड नळकांडे दिसले की बॅग उघडायला लावतात. कॅम्पिंग स्टोव्हचं गॅस कॅनिस्टर दोन्हीकडे चालत नाही. लागलंच तर लेहच्या ट्रेकिंगच्या दुकानांत चौकशी करा. आणि रेल्वेच्या डब्यात चार्जिंगच्या सॉकेटला केटल लावायला मनाई आहे, तिथे घरून भरलेला थर्मासच.

बियांचा हिशेब: १८ गुणिले २ गुणिले १२, म्हणजे ४३२ ग्रॅम. अडीचशेची दोन पाकिटं घ्या, निघायच्या आठ-दहा दिवस आधी भाजलेली. पाकिटाला एकेरी झडप असलेली बघा. बिनझडपेचं पाकीट लेहला फुग्यासारखं टम्म होतं आणि बॅगेत फुटलं तर सगळ्या कपड्यांना वास. दुसरं पाकीट पहिलं संपल्यावरच उघडा.

---

मोका_नव्हे

मोका सुचवू नका म्हटलंय म्हणून एरोप्रेस (कॉफी मुरवून हाताने दाबून गाळायची नळी) सुचवतो. 🙂 त्यात दाब १ बार (दाब मोजायचं एकक) एवढासुद्धा होत नाही, त्यामुळे ती एस्प्रेसो नाही, हे मान्य. पण १८ ग्रॅमला १०० मिली पाणी, दोन मिनिटं मुरवून दाबलं तर दुधाला पुरेल एवढी कडक कॉफी मिळते. सी२ बदलावा लागत नाही आणि कमी तापमानाची भरपाई मुरवायचा वेळ वाढवून करता येते. पिकोप्रेसोत ती सोय मर्यादित. ८६ अंशांच्या पाण्यावर एस्प्रेसोचा हट्ट कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारा.

---

चोथापाणी

चवीच्या बाजूने तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण प्रश्नकर्त्यांना एस्प्रेसो हवीय आणि यंत्र लडाखहून परत आल्यावर पुण्यातही वापरलं जाणार आहे.

देखभालीचं राहिलं होतं. रोज शेवटी साध्या गरम पाण्याची एक टाकी पंपाने काढा, बास्केटवरची जाळी उलट्या बाजूने धुवा, सगळे भाग उघडे ठेवून वाळवा. पँगाँगला रात्री पारा शून्याखाली जातो. पंपात पाणी राहिलं आणि गोठलं तर आतली झडप किंवा प्लॅस्टिकचा भाग तडकू शकतो. म्हणून धुतल्यावर यंत्र रिकामं असताना पाच-सहा पंप मारून उरलेलं पाणी बाहेर काढा. ग्राइंडर धुवायचा नाही, ब्रशने झाडायचा.

दांडा दाबल्यावर परत वर येईनासा झाला तर रिंग कोरडी पडलीय. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकोन ग्रीस मुगाएवढं लावा. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि नंतर खवट होतं. परत आल्यावर क्षार काढायला पाव लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, ते पंपातून काढा, मग साध्या पाण्याच्या तीन टाक्या. रबरी रिंगा उकळू नका. जास्तीच्या रिंगांचा एक संच आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा सोबत असू द्या. चमच्याने मोजून १८ ग्रॅम होत नाहीत, गडद भाजलेल्या बिया हलक्या असतात.

दुधासाठी: १२० मिली दूध पातेल्यात ६०-६५ अंशांपर्यंत, म्हणजे पातेल्याला बोट जेमतेम टेकवता येईल इतकंच, आणि सेलवरच्या छोट्या घुसळणीने पंधरा-वीस सेकंद. उकळू दिलंत तर साय धरते आणि फेस टिकत नाही. तिकडे दूध बहुधा टेट्रापॅकचं किंवा पावडरचं मिळेल. पावडरचं करताना पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडं दाट करा.